मागून धडक टाळायची कशी? दुचाकीस्वारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुचाकी शिकताना सगळं लक्ष पुढच्या रस्त्यावर ठेवायला शिकवतात. मागून येणारा आपल्याला सांभाळून घेईल, असं धरून चाललेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो सांभाळून घेतोही. हे पान उरलेल्या वेळांसाठी आहे. खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, म्हणून आधीच सांगून टाकतो: मागच्याला थांबायला जी जागा लागणार आहे, ती आपण आपल्या पुढे राखून ठेवायची. बाकीच्या बहुतेक युक्त्या यातूनच निघतात.

मागून धडक बसण्याचा धोका खरंच एवढा मोठा आहे का?

संख्येने पाहिलं तर नाही. दुचाकीचे बहुतेक गंभीर अपघात पुढच्या बाजूला घडतात. अमेरिकेत १९८१ साली आलेल्या, दुचाकी अपघातांचा अभ्यास मांडणाऱ्या हर्ट अहवालात असं दिसलं होतं की अपघाताला कारण ठरलेली तीन चतुर्थांशांहून जास्त संकटं स्वाराच्या नाकासमोर, डाव्या-उजव्या बाजूला ४५ अंशांच्या आतच होती. म्हणून हे पान वाचून कोणी आरशात डोळे लावून गाडी चालवायला लागू नये. तसं केलंत तर पुढच्याला ठोकणारे तुम्हीच असाल.

पण जी धडक चारचाकीवाल्याच्या बंपरवर निभावते, तीच दुचाकीस्वाराला सीटवरून उडवते, किंवा पुढच्या गाडीवर नेऊन आपटते. दोन गाड्यांच्या मध्ये सापडण्याचा प्रकार सगळ्यात वाईट. सुदैवाने हा धोका दिवसभर सारखा नसतो. वेग कमी करताना, थांबताना आणि थांबल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत तो एकवटलेला असतो. तेवढ्या वेळेपुरती सवय लावून घेतली तरी बरंच काम होतं.

आम्ही तर मागच्याच्या अगदी समोर असतो. मग त्याला दिसत कसे नाही?

बऱ्याचदा दिसतो. पण आपण किती जवळ आहोत आणि किती वेगाने जवळ येतो आहोत, हे त्याला कळत नाही. पुढची वस्तू डोळ्यांत किती भराभर मोठी होते आहे, यावरून माणूस अंतराचा आणि वेगाचा अंदाज बांधतो. दुचाकीची पाठ मोटारीच्या निम्म्याहून अरुंद. ती मोठी होते आहे हे जाणवेपर्यंत मागची गाडी बरीच जवळ आलेली असते. शिवाय लहान वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते.

दुसरं कारण फार कमी लोक बोलून दाखवतात. तुमच्या पुढे ट्रक उभा आहे, त्याच्या मागे तुम्ही आणि तुमच्या मागून मोटार येते आहे. त्या मोटारवाल्याच्या डोक्यात ‘थांबायची जागा’ म्हणजे ट्रकची पाठ. त्याची नजर तुमच्या डोक्यावरून ट्रकवर जाते आणि ब्रेकचा हिशेब तो ट्रकपर्यंतच्या अंतराचा धरतो. मधली दुचाकी त्या हिशेबात नसतेच.

तिसरं कारण मोबाइल. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. दोन सेकंद नजर खाली गेली की ३३ मीटर रस्ता न बघता गेला.

सिग्नलला थांबताना नेमकं काय करायचं?

सुरुवात बरीच आधी होते. पुढे लाल दिसला, रेस सोडली, की आरशात एक नजर टाकायची: मागे कोण आहे, किती लांब आहे, मोटार की ट्रक. मग ब्रेकला हलका स्पर्श. वेग कमी करण्यासाठी नव्हे, मागचा दिवा लागावा म्हणून. दोन-तीनदा दिवा लागला-विझला की मागच्याचं लक्ष वेधतं. त्यानंतर खरा ब्रेक, पण लवकर आणि हळूहळू. शेवटच्या दहा मीटरांत कचकन थांबणारा स्वार मागच्यालाही तसंच थांबायला लावतो, आणि ते मागच्याला जमेलच असं नाही.

पुढच्या गाडीच्या बुडाला जाऊन भिडू नका. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर सोडून थांबा. आणि तिच्या बरोबर मागे न थांबता थोडं एका बाजूला थांबा, म्हणजे हँडल जरासं वळवलं की शेजारून निघता येईल. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, एक पाय जमिनीवर आणि दुसरा मागच्या ब्रेकवर. दिवा लागलेलाच राहू द्या.

आता डोळे आरशात. हेच सगळ्यात जास्त वेळा चुकतं. गाडी थांबली की काम संपलं असं वाटतं आणि हात मोबाइलकडे किंवा हेल्मेटच्या काचेकडे जातो. मागे एखादी गाडी येऊन पूर्ण थांबेपर्यंत तुमचं थांबणं पूर्ण झालेलं नाही. ती थांबली की निम्मा जीव भांड्यात, तिच्या मागे आणखी एक थांबली की मग हात मोकळे करा. आता नवा येणारा आधी त्यांना गाठेल. अर्थात तो भरधाव आला तर मधल्या गाड्याही पुढे ढकलल्या जातात, म्हणून पुढची मोकळी जागा तेव्हाही भरून टाकू नका.

दोन-दोन मिनिटं क्लच दाबून हात भरून येतो. न्यूट्रल केलं तर काय बिघडतं?

मागे गाड्या थांबल्या असतील तर काही बिघडत नाही. प्रश्न फक्त पहिल्या काही सेकंदांचा आहे. न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकून निघायला जो वेळ जातो, नेमका तोच तेव्हा आपल्याकडे नसतो. आणि घाबरलेल्या पायाला गिअर एका दणक्यात सापडेल याची खात्री नाही.

गिअर नसलेल्या स्कूटरचं काय?

इथे स्कूटरवाले फायद्यात आहेत. ब्रेक सोडला, रेस दिली, गाडी निघाली. फक्त थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल, तर परत सुरू होऊन निघायला किती वेळ लागतो हे मोकळ्या जागेत एकदा करून बघा. तो उशीर नको असेल तर मागे गाडी येऊन थांबेपर्यंत ती सोय बंद ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक गोष्ट तपासायची. रेस सोडल्यावर मोटर गाडीला जोरात मागे खेचते तेव्हा ब्रेक लाइट लागतो की नाही? कोणाला तरी मागून यायला सांगून बघा. लागत नसेल तर ब्रेकला स्पर्श करायची सवय लावावी लागेल.

मागचा थांबणार नाही, हे आरशात ओळखायचं कसं?

गाडीचं नाक बघा. ब्रेक लागला की मोटारीचं बॉनेट थोडं खाली दबतं. रात्री तिच्या हेडलाइटचा झोत खाली झुकतो. हे दिसलं की चालक जागा आहे. गाडी आरशात मोठी होते आहे पण नाक खाली जात नाही, ही धोक्याची खूण.

थोडं गणित मांडू. ताशी ५० किलोमीटरने येणारा माणूस नेहमीसारखा निवांत ब्रेक लावतो तेव्हा त्याला थांबायला तीस-पस्तीस मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर जीव खाऊन ब्रेक मारला तर साधारण पंधरा. म्हणजे तीस मीटरच्या आत येऊनही ज्याचं नाक दबलेलं नाही, तो एक तर कचकन ब्रेक मारणारा आहे किंवा त्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही. यातलं कोणतं, हे कळायची वाट बघण्यात अर्थ नाही. ३० मीटर कापायला त्याला जेमतेम दोन सेकंद लागतात. दुचाकीला जागेवरून तीनएक मीटर पुढे सरकायला दीड सेकंद सहज जातो, आणि तुमचा निर्णयही त्याच दोन सेकंदांत बसवायचा आहे. तेव्हा शंका आली की निघा. तो थांबला तर थांबला. आपण उगाच तीन मीटर पुढे गेलो, एवढंच नुकसान.

आरशाबद्दल एक सूचना. दुचाकीचे बरेचसे आरसे बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर असतात. त्यांत मागची गाडी असते त्यापेक्षा लहान, म्हणजेच लांब दिसते. आणि दोन्ही आरशांत निम्मी जागा तुमचे स्वतःचे कोपर व्यापत असतील तर आरसे लावताना चुकले आहेत.

निघायचं म्हणजे कुठे?

हे थांबण्याआधीच ठरलेलं हवं. पुढच्या गाडीच्या शेजारची फट, दोन रांगांमधली मोकळी पट्टी किंवा रस्त्याची कड, यांपैकी जिथे जाणार तिथे कोणी नाही ना, हे थांबतानाच बघून ठेवायचं. आडव्या रस्त्यावरची वाहतूक चालू असताना चौकात घुसणं हा सुटकेचा मार्ग नव्हे. पुढे पूर्ण मोकळा चौक असला तर रांगेत पहिलं उभं राहणाऱ्यालाही बाजूलाच सरकावं लागतं.

हँडल आधीपासून वळवून ठेवावं का, यावर जुन्याजाणत्या स्वारांत दोन मतं आहेत. वळवून ठेवलं तर पटकन निसटता येतं. पण अख्खी गाडीच तिरकी उभी केली तर ब्रेक लाइट मागच्याकडे सरळ पडत नाही, आणि धडक बसलीच तर गाडी शेजारच्या रांगेत फेकली जाऊ शकते. मला विचाराल तर गाडी सरळ ठेवावी, जागा बाजूची धरावी.

फटीतून पुढे जाऊन सगळ्यांच्या समोर उभं राहणं जास्त सुरक्षित नाही का?

मागून बसणाऱ्या धडकेपुरतं बोलायचं तर हो, त्यात तथ्य आहे. कॅलिफोर्नियात दोन रांगांमधून दुचाकी नेण्याला मुभा आहे. तिथल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जवळजवळ ६,००० अपघातग्रस्त स्वारांची माहिती तपासली. फटीतून जाणाऱ्यांपैकी २.६ टक्के स्वारांना मागून धडक बसली होती, बाकीच्यांमध्ये हे प्रमाण ४.६ टक्के होतं. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सोयीस्करपणे विसरली जाते: स्वतःच पुढच्याला जाऊन ठोकण्याचं प्रमाण फटीतून जाणाऱ्यांत ३८ टक्के होतं, इतरांत १६ टक्के. म्हणजे एक धोका कमी केला आणि दुसरा ओढवून घेतला. आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा ताशी २५ किलोमीटरहून जास्त वेगाने जाणाऱ्यांना दुखापती जास्त झाल्या, हेही त्यात दिसलं.

तुमच्याकडचा कायदा परवानगी देत असेल आणि गाड्या थांबलेल्या असतील, तर चालण्याच्या गतीने पुढे जायला माझा आक्षेप नाही. मात्र ट्रक किंवा बसच्या नाकाखाली जाऊन कधीही उभं राहू नका. उंच केबिनमधल्या चालकाला बंपरच्या अगदी पुढची जागा दिसतच नाही. सिग्नल सुटला की तो निघतो आणि तुम्ही त्याच्या पुढे आहात हे त्याला ठाऊकच नसतं. पुढे जायचंच असेल तर इतकं पुढे जा की मान वळवल्यावर त्याचा चेहरा दिसेल.

ब्रेक लाइटच्या बाबतीत काय काय बघायचं?

पुढचा ब्रेक आणि मागचा ब्रेक यांचे स्विच वेगवेगळे असतात. एक बिघडला तरी दुसऱ्याने दिवा लागतो, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही. भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करा, दोन्ही ब्रेक एकेक करून दाबा, उजेड पडतो का बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पाय सतत मागच्या ब्रेकवर टेकवून चालवायची खोड अनेकांना असते. अशा गाडीचा दिवा कायम लागलेला, मग खरा ब्रेक लागला हे मागच्याला कळणार कशावरून? याच्या उलट, नुसती रेस सोडून किंवा गिअर खाली टाकून वेग कमी करणाऱ्यांचा दिवा लागतच नाही. इंजिनाच्या ओढीने दुचाकीचा वेग चांगलाच उतरतो आणि मागच्याला काहीच इशारा मिळत नाही.

जुना तारेचा बल्ब पूर्ण उजळायला एलईडीपेक्षा साधारण पाव सेकंद जास्त घेतो. ताशी ६० च्या वेगात एवढ्या वेळात मागची गाडी चार मीटर पुढे येते. बदलता येत असेल तर बदला. पण काळपट काच बसवून, मागचा लाल परावर्तक काढून, नंबरप्लेट सीटखाली दडवून गाडी ‘देखणी’ करण्याची जी फॅशन आहे, तिच्याविषयी काही चांगलं बोलणं मला जमणार नाही.

कोणी मागे अगदी चिकटून येत असेल तर?

वेग वाढवू नका. तोही वाढवेल आणि तेवढाच चिकटून राहील. त्याला धडा शिकवायला मध्येच ब्रेक मारू नका. त्या भांडणात लोखंड त्याच्या बाजूला आहे. पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवा. एरवी दोन सेकंदांचं ठेवत असाल तर आता चारचं. पुढे काही झालं तर तुम्हाला जोरात ब्रेक मारावा लागणार नाही, आणि तुम्ही जोरात मारला नाही तर त्यालाही मारावा लागणार नाही. त्याच्याकडे जे अंतर नाही, ते त्याच्या वतीने तुम्ही बाळगताय. मग पहिल्या सोयीच्या जागी इंडिकेटर देऊन बाजूला व्हा आणि त्याला जाऊ द्या. यात मान खाली जाते असं वाटणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

सिग्नल पिवळा झाला. थांबू की जाऊ?

आरशावर अवलंबून. मागे कोणी नसेल आणि आरामात थांबता येत असेल तर थांबा. मागे ट्रक चिकटलेला असेल आणि थांबायला कचकन ब्रेक मारावा लागणार असेल, तर पिवळ्यात चौक पार करणं बरं. ही निवड पिवळा लागल्यावर करायला वेळ नसतो. चौक जवळ आला की आधीच आरसा बघून ठेवायचा. लाल झाल्यावर घुसायला मात्र हे कारण चालणार नाही.

वळायला रस्त्याच्या मधोमध थांबावं लागतं तेव्हा काय करायचं?

माझ्या मते दुचाकीवाल्याची सगळ्यात उघडी अवस्था हीच. सिग्नलला निदान सगळेच थांबणार हे मागच्याला माहीत असतं. इथे वाहत्या रस्त्यात तुम्ही एकटे उभे असता. इंडिकेटर खूप आधी द्या, ब्रेकचा दिवा सतत लागलेला ठेवा, आणि समोरून येणाऱ्यांमध्ये फट शोधता शोधता आरसाही बघा. मागून कोणी थांबत नाहीसं दिसलं तर वळायचा विचार सोडून सरळ निघून जा. वेगवान रस्त्यावर तर तिथे थांबूच नका. पुढे जाऊन सुरक्षित जागी वळून परत या. दोन मिनिटं जातील.

अचानक जोरात ब्रेक मारावा लागला आणि वाचलो. नंतर?

नंतर लगेच निघा. पुढचं संकट टळलं म्हणून सुटकेचा श्वास घेत तिथेच उभे राहणारे स्वार मागच्याच्या तावडीत सापडतात. ब्रेक मारता मारता गिअर खाली आणत पहिल्यावर यायचा सराव मोकळ्या मैदानात करा. गाडी थांबते त्या क्षणी ती निघायला तयार असली पाहिजे.

रात्री आणि पावसात वेगळं काही?

रात्री मागच्याला तुमचा फक्त एक लाल ठिपका दिसतो आणि ठिपक्यावरून अंतर कळत नाही. ज्या दुचाकींना दोन टेललाइट जवळजवळ असतात, त्या लांबून येणाऱ्याला खूप पुढे असलेल्या मोटारीसारख्या भासू शकतात. परावर्तक पट्ट्या इथे कामाला येतात: जॅकेटवर, हेल्मेटच्या मागे, पिशवीवर. दिवसा मात्र त्यांचा उपयोग नाही, तेव्हा भडक रंग लागतो. मागे बांधलेलं सामान किंवा लोंबणारा रेनकोट दिवा झाकत नाही ना, तेही बघा.

ओल्या रस्त्यावर सगळ्यांचंच थांबण्याचं अंतर वाढतं, म्हणून पुढचं अंतर दुप्पट ठेवा. सूर्य समोर, खाली उतरलेला असेल तर तुमच्या डोळ्यांवर येणारी तिरीप मागच्याच्याही डोळ्यांवर आहे, हे धरून चाला. चढाच्या माथ्यापलीकडे, आंधळ्या वळणानंतर किंवा बोगद्याच्या तोंडाशी रांग लागली असेल तर तुम्ही शेवटचे राहू नका; बाजूला होता येत असेल तर व्हा.

गाडी रस्त्यात बंद पडली तर?

ढकलत कडेला आणा, चारही इंडिकेटर लावा, आणि स्वतः गाडीपासून दूर व्हा. कठडा असेल तर त्याच्या पलीकडे. गाडीच्या मागे वाकून बसून दुरुस्ती करू नका. ढकलणंही शक्य नसेल इतकी वाहतूक असेल तर गाडी सोडा.

नव्या गाड्यांमधलं तंत्रज्ञान वाचवेल का?

थोडंफार. काही दुचाकींचा ब्रेक लाइट जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकतो, हे खरंच उपयोगी आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या डुकाटी मल्टिस्ट्राडा व्ही४ पासून काही महागड्या दुचाकींना मागे रडार आलं. ते न दिसणाऱ्या कोपऱ्यातली गाडी दाखवतं. मोटारींमधली आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा दुचाकी ओळखते का, याची चाचणी युरो एनकॅपने, म्हणजे नव्या मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २०२३ पासून सुरू केली. पण तुमच्या मागची गाडी कोणती असेल हे तुमच्या हातात नाही.

डबल सीट असताना?

मागच्याला सांगून ठेवा की गाडी थांबली तरी पाय खाली टेकवायचे नाहीत आणि पकड सोडायची नाही. अचानक निघायची वेळ आली तर सैल बसलेला माणूस मागच्या मागे पडेल. वजनामुळे पिकअपही मंद असतो, तेव्हा निर्णय आणखी लवकर घ्यायचा.

आणि ठोकलंच तर?

शुद्धीवर असाल आणि हातपाय हलत असतील तर आधी वाहत्या रस्त्यातून बाहेर या. गाडी, आरसा, मोबाइल नंतर उचलता येईल. मानेत दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील तर मात्र हलू नका, आणि लोकांना हेल्मेट ओढून काढू देऊ नका. श्वास अडत असेल तरच ते काढायचं, तेही एकाने डोकं-मान स्थिर धरलेली असताना. मागून बसलेल्या धडकेत मानेला हिसका बसतो आणि त्याचं दुखणं पुष्कळदा त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी वर येतं. म्हणून ‘काही झालं नाही’ असं जागेवर लिहून देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी पुन्हा वापरू नका, आतला थर एकदा दबला की परत फुगत नाही.